आईचा उजवा हात

सकाळीच त्यांनी तिचं डोकं तासून गुळगुळीत केलं.
आरशात बघून आई खुणेनं म्हणाली: सोललेलं अंडं.
खूण थरथरत आली,
नर्सला वाटलं, अंडं फुटलं.

जन्मापासून बहिरी. जीभ म्हणजे हात,
आणि हात असे,
की 'मीठ' म्हणायला जावं तर 'भांडण' व्हायचं,
आणि मग खरंच भांडण व्हायचं.
कांबादोसच्या कारखान्यात तिनं सार्डिनचे डबे भरले.
यंत्रांच्या त्या खडखडाटात बाकीच्या बायका ओरडायच्या,
एकटी तीच निवांत गप्पा मारायची.
मी नववीत होतो तेव्हा मासे डब्यात नीट बसेनासे झाले.
मुकादमानं तिला झाडूवर घातलं.
झाडूला थरथर चालते.

डॉक्टर फिगेइरास सांगत होत्या,
मी त्यांचं बोलणं हातांत घेऊन आईला देत होतो:
भोक नाही, सुरी नाही, रक्त नाही.
हजारभर दिशांनी आवाज सोडायचा,
एकेक धार इतकी हलकी की वाटेत कशालाच धक्का नाही.
सगळ्या जिथे भेटतात तिथे
मसुराएवढ्या जागी चटका.
आवाज? आईनं भुवया चढवल्या.
अडुसष्ट वर्षांत माझ्याकडे फिरकला नाही, तो?
तो कुणालाच ऐकू येत नाही, डॉक्टर म्हणाल्या. मलाही नाही.
आई खूश. म्हणजे त्या खोलीत
सगळे आपल्यातलेच.

चार स्क्रूंनी कवटीला कडं. गार पाण्याची टोपी.
माझा पट्टा, अंगठी, किल्ल्या काढून घेतल्या,
कानांत मेणाचे बोळे घातले.
आई बोगद्यात गेली. बाहेर उरले पाय.
तिच्या घोट्यावर माझं बोट:
एकदा टेकवलं, सुरू होतंय.
दोनदा, थांबलं.
मधे मधे तिच्या हातात पेन.
पहिला कागद: काटेरी तारांचं भेंडोळं.
दुसरा तसाच.
चौथ्या वेळी पायाची बोटं आवळली गेली,
मी काहीच टेकवू शकलो नाही, अजून थांबलं नव्हतं.
(खोली उलटी झाली, ती नंतर म्हणाली,
मी छतावर उभी, आणि तुझं बोट तेवढं सरळ.)
सहावा कागद: गोगलगाय. घरी पोचलेली.

बाहेर आल्यावर तिनं मला हाक मारली.
माझं नाव असं आहे: अंगठा हनुवटीला,
मग बोटं उघडायची आणि ती फडफडवायची,
चिमणी उडाल्यासारखी.
बायकोला मी असंच शिकवलं. मुलीलाही.
आईनं अंगठा हनुवटीला लावला, बोटं उघडली.
बस्स.
इस्त्री केलेलं नाव.
मी मागे वळून पाहिलं, कुणाला बोलावतेय.

तुझं नाव पहिल्यापासून एवढंच आहे, आई म्हणाली.
चिमणी तुम्ही घातलीत.

एका वेळी एकच बाजू. डाव्याचं पुढे बघू, म्हणाल्या डॉक्टर.
त्यामुळे आता तिची वाक्यं
अर्धी सरळ चालतात, अर्धी लंगडतात,
आणि ती उजव्या हातानं डाव्याला दटावते.

रविवारी बहिऱ्यांच्या क्लबात
तिनं काठोकाठ भरलेला कॉफीचा कप उचलला,
प्याली, बशीत ठेवला. बशी कोरडी.
सगळ्यांनी हात वर करून हलवले. आमच्याकडे टाळ्या अशाच.
एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात.
ऐकणाऱ्यांची म्हण.
आईचा डावा हात मांडीवर पडल्या पडल्या
केव्हापासूनच वाजवत होता.

रात्री मुलगी झोपल्यावर
मी तिच्या वहीतलं एक पान फाडलं,
आतून बाहेर गोल गोल रेघ काढत गेलो,
आणि दिव्याखाली धरून
बराच वेळ बघतोय.